डावी झडप, उजवी झडप

देवस्थळींच्या पुढच्या दाराची उजवी झडप एका गुरुवारी सकाळी चित्राबाईंच्या हातात आली. त्या दुधाची पिशवी घ्यायला दार उघडत होत्या. झडप बिजागऱ्यांसकट सुटली. चित्राबाईंनी ती भिंतीला टेकवली, पिशवी उचलली, दूध तापत ठेवलं आणि मग नवऱ्याला सांगितलं, "अहो, दार निघालंय."

"कुठे?" गुरुदत्तांनी पेपरमधून डोकं न काढता विचारलं.

"हातात. भिंतीला टेकवून ठेवलंय."

घर डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत. गुरुदत्तांच्या वडिलांनी पन्नास वर्षांपूर्वी बांधलेलं, खाली एक बिऱ्हाड आणि वर एक. गल्लीतल्या बाकी सगळ्या बंगल्यांच्या सात-सात मजली इमारती झाल्या होत्या. देवस्थळींचं घर तेवढं राहिलं होतं, कारण इमारत करायची तर दोन्ही भावांनी एकाच कागदावर सही करायला हवी होती आणि दोन्ही भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

खाली राहणारे गुरुदत्त थोरले, वय अडुसष्ट, ठाण्याच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त. वर राहणारे सौमित्र धाकटे, वय एकसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त. नऊ वर्षांपूर्वी सौमित्रांनी कुणाला न विचारता जिन्याला पिस्ता रंग लावून घेतला. गुरुदत्त जिन्याच्या तळाशी उभे राहून म्हणाले, "हॉस्पिटल वाटतंय." सौमित्र वरून म्हणाले, "मग भरती हो." हे त्यांचं शेवटचं बोलणं.

बायकांचं असलं काही नव्हतं. चित्राबाई आणि वरच्या हेमांगीबाई रोज सकाळी अकरा वाजता एकत्र चहा घेत. घरपट्टी, टाकीची सफाई, डासांची फवारणी हे सगळे विषय या चहावर निघत आणि मिटत. भावांना आपापल्या जेवणाच्या वेळी निर्णय कळे.

दाराचा विषयही तिथेच निघाला. हेमांगीबाईंनी डावी झडप हलवून बघितली. तीही हातात येण्याच्या बेतात होती.

"वहिनी, दोन्हीला वाळवी आहे," त्या म्हणाल्या. "मिस्त्रीला बोलवू या."

मिस्त्री म्हणजे दगडू. खडवलीचा, पंचावन्नच्या आसपास, कमी बोलणारा. त्याने झडपांमध्ये पेचकस खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला. मग चौकटीवर हातोडीने चार ठिकाणी टकटक केली.

"चौकट जुन्या सागाची हाय. तिला काय झालेलं नाय," तो म्हणाला. "झडपा गेल्या."

"मग नवीन करा," चित्राबाई म्हणाल्या.

"नवीन म्हंजे प्लायवूड. या चौकटीत प्लायवूड घालू नका, बरं दिसणार नाय. शीळ रोडला मितेशशेठची वखार हाय. घरं पाडली की त्यांची दारं तिथं येतात. तिथून आणा, मी बसवून देतो."

बायकांना हे पटलं. दुपारच्या जेवणाला गुरुदत्तांना कळलं, आणि ते म्हणाले, "उजवी झडप आपली. मी उजवी आणतो. डावीचं ज्याचं त्याने बघावं."

यालाही कारण होतं. दारातून आत आलं की उजवीकडे खालच्या बिऱ्हाडाचा दरवाजा आणि डावीकडे जिना. नऊ वर्षांत कधी ठरलं नव्हतं, पण गुरुदत्त फक्त उजवी झडप उघडत आणि सौमित्र फक्त डावी. डाव्या झडपेच्या कडीला गुरुदत्तांचा हात शेवटचा कधी लागला होता, ते त्यांनाही आठवत नव्हतं.

चित्राबाईंनी आमटी वाढली. नऊ वर्षांत कुठे बोलायचं आणि कुठे आमटी वाढायची, हे त्यांना नीट समजलं होतं.

मंगळवारी गुरुदत्त टेप, पेन्सिल आणि स्वतः काढलेलं ड्रॉइंग घेऊन शीळ रोडला गेले. मितेशच्या वखारीत पत्र्याच्या शेडखाली दारं पुस्तकांसारखी उभी लावली होती. काही दारांवर अजून स्वस्तिकं होती, एकावर गॅस एजन्सीचा स्टिकर होता. मितेश तिशीतला, कानात इअरफोन घातलेला.

"काका, एकच झडप? आपण जोडी तोडत नाय," तो म्हणाला. "पण सिंगल पडलेत पाच-सहा पीस, त्यातलं बघा."

गुरुदत्तांनी दोन तास बघितलं. शेवटी त्यांना एक झडप आवडली. गडद सागाची, वर कमळ कोरलेलं, पितळी मूठ, आणि आतल्या कडेला वरपासून खालपर्यंत एक जाड नक्षीदार पट्टी.

"टेंभी नाक्याच्या घराची आहे," मितेश म्हणाला. "हिची जोडी एका हॉटेलवाल्याने टेबल बनवायला नेली."

"टेबल?"

"वरून काच टाकतात. पब्लिक फोटो काढते."

गुरुदत्तांनी त्या हॉटेलवाल्याबद्दल मनात मत बनवलं आणि झडप घेतली.

बुधवारी सौमित्र गेले. त्यांनी माप घेतलं नव्हतं. "माझ्या डोक्याच्या थोडी वर," असं त्यांनी हात करून दाखवलं, आणि आडनाव ऐकून आदल्या दिवशीचं ड्रॉइंग आठवल्यामुळे मितेशला काय हवं ते कळलं. त्यांनी घेतलेली झडप कल्याणच्या एका पाडलेल्या घराची होती. नक्षी अजिबात नाही, पण तीन लोखंडी पट्टे ठोकलेले आणि वजन असं की टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली. तिच्याही आतल्या कडेला वरपासून खालपर्यंत एक जाड पट्टी होती.

दगडूने दोन्ही झडपा अंगणात शेजारी-शेजारी आडव्या ठेवल्या आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "दोन्ही नवरेच आणले."

"म्हणजे?" हेमांगीबाईंनी विचारलं.

दगडूने दोन तळहात समोरासमोर धरून समजावलं. दोन झडपांच्या दारात एक झडप आधी मिटते आणि दुसरी मागून. मागून मिटणारीला पट्टी असते. ती पट्टी पहिलीवर बसते आणि मधली फट झाकली जाते. उघडताना उलटं. पट्टीवाली आधी उघडते, मग दुसरी. जुन्या दाराची पट्टी वाळवीने कधीच खाल्ली होती, म्हणून हे कुणाच्या लक्षात नव्हतं. दोन्हींना पट्टी असली तर पट्ट्या एकमेकींवर आपटतात आणि दार मिटतच नाही. वखारीत पट्टीवालीच झडप डोळ्यात भरते, म्हणून दोघांनी तीच उचलली होती.

"एकीची पट्टी काढावी लागंल," दगडू म्हणाला. "कुणाची ते ठरवून सांगा."

ते ठरेना. गुरुदत्तांनी रात्रीच्या जेवणाला मुद्दा नीट मांडला. उजव्या झडपेची पट्टी काढली, तर आपली झडप उघडण्याआधी प्रत्येक वेळी डावी उघडावी लागेल. "म्हणजे मला माझ्या घरातून बाहेर पडायला त्याचं दार उघडायला लागणार."

"हात लावला की उघडतं ते," चित्राबाई म्हणाल्या.

"प्रश्न हात लावण्याचाच आहे."

वर सौमित्रांनी याच मुद्द्याची दुसरी बाजू मांडली. हेमांगीबाईंनी ती दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चित्राबाईंना शब्दशः सांगितली. दोघींनी दुसरा चहा ठेवला.

असे आठ दिवस गेले. दगडूने दोन्ही झडपा चौकटीला तात्पुरत्या अडकवल्या, पण मध्ये वीतभर अंतर राहत होतं. त्यातून पहिल्या दिवशी गल्लीतलं पिवळं कुत्रं आत आलं आणि जिन्याखाली झोपलं. दुसऱ्या दिवशी ते येताना आणखी एकाला घेऊन आलं. तेव्हा राखण करणं भाग पडलं. दारात एक प्लास्टिकची खुर्ची आली. सकाळी आठ ते एक तिच्यावर गुरुदत्त बसत, एक ते सहा सौमित्र. एकाच्या सुमाराला सौमित्र जिन्यावरून उतरत, गुरुदत्त उठत, खुर्ची रिकामी होई आणि पुन्हा भरे. दोघे एकमेकांकडे बघत नसत. पण गुरुदत्तांच्या लक्षात आलं की सौमित्र खुर्ची उन्हातून थोडी आत ओढून बसतो, तेव्हा एकला पाच कमी असताना ते ती आधीच आत ओढून ठेवू लागले. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी दगडू पुतणीच्या साखरपुड्याला गावी गेला. जाताना म्हणाला, "उजवी पक्की हाय. डावी वरच्या एका बिजागरीवर हाय, खाली पाचर लावलीय. पाचरीला कुणी हात लावायचा नाय." हे त्याने दोन्ही मजल्यांवर जाऊन सांगितलं.

सोमवारी नवरात्र बसून चार दिवस झाले होते. चित्राबाई आणि हेमांगीबाई टेंभी नाक्याच्या देवीला ठाण्याला गेल्या. दुपारी खुर्चीवर सौमित्र होते. अडीचच्या सुमाराला, आपली झडप आधी मिटली तर नेमकं कसं दिसेल, हे बघावंसं त्यांना वाटलं. फक्त बघायला. त्यांनी पायाने पाचर सरकवली.

झडप आधी खाली बसली, मग हळूच आतल्या बाजूला कलली. सौमित्रांनी तिला खांदा दिला. वरच्या बिजागरीचे तीनपैकी दोन स्क्रू बाहेर आले. तिसऱ्यावर झडप आणि सौमित्र असे दोघे उभे राहिले.

त्यांनी हाक मारली नाही. घसा खाकरला. मग जरा मोठ्याने खाकरला.

गुरुदत्त आत आडवे झाले होते. नऊ वर्षं ते वरच्या मजल्यावरची खोकल्याची ढब ऐकत आले होते आणि ही नेहमीची नव्हती, हे त्यांना कळलं. ते बाहेर आले, बघितलं, आणि दोन्ही हात वर करून झडप धरली.

"हलू नकोस," ते म्हणाले.

"हलतोय कुठे."

हे नऊ वर्षांनंतरचं पहिलं बोलणं. पण त्या वेळी दोघांचंही त्याकडे लक्ष नव्हतं.

"तू बाजूला हो," गुरुदत्त म्हणाले. "तुला वजन उचलायचं नाहीये."

"मी सोडली तर तुला एकट्याला पेलणार नाही. तुझा गुडघा."

दोघांनीही बरोबर सांगितलं होतं, त्यामुळे दोघेही तिथेच राहिले. सौमित्रांचा फोन खिशात होता, पण हात मोकळा नव्हता. गुरुदत्तांचा फोन आत चार्जिंगला होता.

थोड्या वेळाने सौमित्र म्हणाले, "वजन उचलायचं नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

"डिस्चार्जच्या कागदावर होतं."

"तो तू कधी बघितलास?"

गुरुदत्तांनी वर बिजागरीकडे बघितलं. दोन वर्षांपूर्वी सौमित्रांची अँजिओप्लास्टी झाली होती.

"हॉस्पिटलात रोज यायचास ना?" सौमित्र म्हणाले. "हेमांगीने सांगितलं मला नंतर. चारही दिवस कॅन्टीनमध्ये बसून होतास."

"उपमा बरा असायचा तिथला."

"वर का नाही आलास?"

"आलो होतो एकदा जिन्याने, दुसऱ्या मजल्यापर्यंत." गुरुदत्तांनी झडपेवरची पकड बदलली. "त्या जिन्याला पिस्ता रंग होता."

सौमित्रांचा खांदा हलायला लागला. गुरुदत्तांना आधी वाटलं, त्याला छातीत दुखतंय. मग कळलं, तो हसतोय.

"हसू नकोस, स्क्रू निघेल."

"आपल्यासारखाच होता?"

"आपल्यापेक्षा फिका."

तेवढ्यात कुरिअरवाला आला. पाठीवर मोठी बॅग, हातात पाकीट. त्याने दाराच्या फटीतून आत बघितलं. दोन म्हातारे एक झडप वर धरून उभे होते, पायाशी पिवळं कुत्रं बसलं होतं. काम चालू आहे, असं त्याला वाटलं.

"सौमित्र देवस्थळी?"

"हो."

"खुर्चीवर ठेवतो," असं म्हणून त्याने पाकीट ठेवलं, त्याचा फोटो काढला आणि तो गेला.

त्याची स्कूटर गल्लीच्या टोकाला पोहोचल्याचा आवाज आला, तेव्हा गुरुदत्त म्हणाले, "त्याला मदत का नाही मागितलीस?"

"मला वाटलं तू मागशील."

"तुझं पाकीट होतं."

पुढचा अर्धा तास ते तसेच उभे होते. गुरुदत्तांना इतक्या जवळून भावाचं डोकं दिसत होतं. मागचे केस पांढरे झाले होते आणि मध्ये वडिलांसारखं टक्कल पडायला लागलं होतं. कानात मशीन होतं. हे मशीन कधी आलं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्याआधी आपण जिन्याखालून मुद्दाम मोठ्याने जे बोलत होतो, ते त्याला ऐकू गेलंच नसणार, असं त्यांच्या मनात आलं. त्यांना बरं वाटलं आणि थोडं वाईटही.

सव्वातीनला रिक्षा थांबली. बायका उतरल्या. हेमांगीबाईंच्या हातात प्रसादाची पुडी होती.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. चित्राबाईंनी रिक्षावाल्याला आत बोलावलं. सगळ्यांनी मिळून झडप खाली उतरवली. सौमित्रांचे हात इतके आखडले होते की हेमांगीबाईंना प्रसाद त्यांना भरवावा लागला. चित्राबाईंनी गुरुदत्तांच्या गुडघ्याला तेल लावलं.

"बोललात का काही?" त्यांनी विचारलं.

"जुजबी," गुरुदत्त म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दगडू आला. डावी झडप जमिनीवर बघून त्याने कुणालाही काही विचारलं नाही. तो लांब स्क्रू आणायला निघाला, तेव्हा गुरुदत्तांनी त्याला गल्लीच्या कोपऱ्यावर गाठलं.

"मिस्त्री, उजवीची पट्टी काढून टाका. त्याची राहू दे. पण हे माझं नाव घेऊन सांगू नका. मापात बसत नव्हती म्हणा."

दगडूने मान हलवली. तो परत येत होता तेव्हा सौमित्र पाण्याच्या टाकीआडून बाहेर आले.

"दगडूमिस्त्री, डावीची पट्टी काढा. दादाची राहू दे. मी सांगितलं, हे त्याला कळता कामा नये."

दगडूने पुन्हा मान हलवली. तो दिलेला शब्द पाळणारा माणूस होता. त्याने दोन्ही पट्ट्या काढल्या. त्या निघताना मधोमध तुटल्या, कारण दोन्ही शंभर वर्षांच्या होत्या आणि कधी काळी कुणीतरी त्यांना दोन-दोन बोटांवर खिळे मारले होते. मग त्याने झडपा रंध्याने साफ केल्या, पक्क्या बसवल्या, तेल पाजलं आणि सगळ्यांना बघायला बोलावलं.

दार देखणं दिसत होतं. एका बाजूला कमळ, दुसऱ्या बाजूला लोखंडी पट्टे. दोन वेगळ्या गावांची दारं एका चौकटीत आली आहेत हे लांबूनही कळत होतं, आणि तरी ते चांगलं दिसत होतं. मध्ये वरपासून खालपर्यंत बोटभर फट होती. त्यातून समोरच्या इमारतीचा वॉचमन पूर्ण दिसत होता.

"पट्टी कुठाय?" गुरुदत्तांनी विचारलं.

"कुठली?" दगडू म्हणाला.

"डावीची."

"माझी कशाला हवी?" सौमित्र म्हणाले. "उजवीची कुठाय?"

दगडू हत्यारं पुसत राहिला. मग गुरुदत्त भावाकडे वळले. "तू काढायला सांगितलीस?"

"तू सांगितलीस?"

"मी थोरला आहे. मी कमीपणा घेतला तर चालतो."

"चालतो काय? मी आधी ठरवलं होतं."

"कधी?"

"झडप धरली होती तेव्हा."

"मीही तेव्हाच."

आवाज चढले. शेजारच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. मागे कोण हटणार, यावरून दोघे भाऊ चांगले दहा मिनिटं भांडले. नऊ वर्षांचं सगळं बोलणं त्यात निघालं. टाकीचा नळ, दिवाळीतला आकाशकंदील, वडिलांची आरामखुर्ची वर का गेली, जिन्यातला बल्ब कुणी बदलायचा. पिवळं कुत्रं उठून बाहेर गेलं.

शेवटी चित्राबाई मध्ये आल्या. "दगडूमिस्त्री, पट्टी उजवीला लावायची. नवीन आणून. का, कशासाठी, काही नाही. आमच्या दोघींचं ठरलंय."

"कधी ठरलं?" गुरुदत्तांनी विचारलं.

"आत्ता," हेमांगीबाई म्हणाल्या. त्या आणि चित्राबाई एकमेकींकडे बघतही नव्हत्या.

"म्हणजे मला आधी दादाचं दार उघडायला लागणार," सौमित्र म्हणाले. ते तक्रारीच्या सुरात म्हणायला गेले होते, पण तसं झालं नाही.

जुन्या सागाची पट्टी मितेशकडेच मिळणार होती. बुधवारी सकाळी दोघे भाऊ एकाच रिक्षाने शीळ रोडला गेले. जाताना गुरुदत्तांनी पट्टीचं ड्रॉइंग काढून घेतलं होतं आणि ते सौमित्रांना दाखवलं. सौमित्रांनी चष्मा लावून ते बघितलं आणि म्हणाले, "माप मिलिमीटरमध्ये का लिहितोस? मितेशला इंच-सूतच कळतं." गुरुदत्तांनी रिक्षातच सगळी मापं पुन्हा लिहून काढली.

ते साडेअकराला गेले, ते चारला परतले. टेम्पो दाराशी थांबला. टेम्पोतून आधी पट्टी उतरली, बरोबर मापाची, चांगल्या सागाची. मग एक खिडकी उतरली. गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत उंच, कमानदार, निळ्या आणि लाल काचांची, चौकटीसकट.

दोघी बायका दारात उभ्या होत्या.

"ही कुणी सांगितली?" चित्राबाईंनी विचारलं.

"एकटी पडली होती," गुरुदत्त म्हणाले. "काचा अखंड आहेत सगळ्या. बघ तरी."

"वहिनी, मोजून बघितल्या आम्ही," सौमित्र म्हणाले. "बेचाळीस."

"लावायची कुठे?"

भावांनी एकमेकांकडे बघितलं. याचा विचार वखारीत झाला नव्हता.

दगडूने पट्टी उजव्या झडपेला बसवली, दार दोनदा मिटून उघडून बघितलं. फट बंद झाली होती. मग त्याने खिडकीला वळसा घातला, टेप काढली, माप घेऊन पेन्सिल कानामागे खोचली, आणि हातोडी घेऊन घराच्या एकेक भिंतीवर टकटक करत निघाला. दोन्ही भाऊ त्याच्या मागून चालले होते. जिन्यापाशी तो थांबला आणि पिस्ता भिंतीला कान लावला.

"इथून पोकळ वाटतीय," तो म्हणाला. "खिडकी इथं बसंल."

"फोडा," दोघे एकदम म्हणाले.